किडनीचा आजार आणि मॅग्नेशियमच्या गोळ्या: रक्तवाहिन्यांतले कॅल्सिफिकेशन रोखण्याच्या दाव्याचे परीक्षण

मॅग्नेशियमच्या गोळ्या, कॅप्सूल आणि पावडरी एरवी झोप, बद्धकोष्ठता आणि पायात येणारे गोळे यांसाठी विकल्या जातात. त्यांच्या माहितीत आता आणखी एक दावा वाचायला मिळतो, तो म्हणजे मॅग्नेशियम रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचू देत नाही. निरोगी माणूस ही ओळ वाचून पुढे जाईल. पण ज्याची किडनी वर्षानुवर्षे हळूहळू निकामी होत चालली आहे आणि ज्याच्या सिटी स्कॅनच्या अहवालात हृदयाच्या धमन्यांमध्ये कॅल्सिफिकेशन, म्हणजे कॅल्शियमचा साठा, असल्याचे लिहून आले आहे, त्याला ती ओळ आपल्यासाठीच लिहिली आहे असे वाटते, आणि डॉक्टरांना विचारण्याआधीच डबी घरी येते. म्हणून हे परीक्षण मी त्या एकाच वापरापुरते ठेवले आहे. कोणत्याही कंपनीचे नाव मी घेणार नाही, कारण निवाडा करायचा आहे तो डबीतल्या क्षाराचा आणि त्याच्याकडून ठेवलेल्या अपेक्षेचा. माझे मत आधीच सांगते. कॅल्सिफिकेशन रोखण्यासाठी म्हणून हे उत्पादन घ्यावे, अशी शिफारस मला करता येत नाही. रक्तातले मॅग्नेशियम खरोखरच कमी आढळले असेल, तर ते भरून काढायला यातले काही प्रकार डॉक्टरांच्या देखरेखीखाली चांगले उपयोगी पडतात.

सुरुवात लेबलापासून करू, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. डबीच्या पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ‘५०० मिलिग्रॅम’ असे छापलेले असते. हा आकडा कधी संपूर्ण क्षाराचा, म्हणजे मॅग्नेशियम ज्या संयुगात बांधलेले असते त्याचा, असतो, तर कधी त्यातल्या प्रत्यक्ष मॅग्नेशियमचा, आणि या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक पडतो. मॅग्नेशियम ऑक्साइडच्या वजनात सुमारे ६० टक्के मॅग्नेशियम असते, हायड्रॉक्साइडमध्ये सुमारे ४२ टक्के, सायट्रेटमध्ये सुमारे १६ टक्के आणि ग्लायसिनेटमध्ये जेमतेम १४ टक्के. म्हणजे ५०० मिलिग्रॅम ऑक्साइडची गोळी ३०० मिलिग्रॅम मॅग्नेशियम देते, तर तेवढ्याच वजनाची ग्लायसिनेटची गोळी सुमारे ७०. डबी फिरवून मागच्या कोष्टकात ‘एलिमेंटल मॅग्नेशियम’ किंवा ‘मूलद्रव्य स्वरूपातील मॅग्नेशियम’ असा शब्द शोधावा आणि त्यापुढचाच आकडा खरा मानावा. तो शब्द कुठेच नसेल, तर किडनीच्या रुग्णाने ती डबी घेऊच नये, कारण ज्याच्या शरीरातून जादा मॅग्नेशियम सहजासहजी बाहेर पडत नाही त्याला मात्रा नेमकी कळलीच पाहिजे. त्याच कोष्टकात एक मात्रा म्हणजे किती गोळ्या, हेही वाचायचे असते. अनेक डब्यांवर दिलेला आकडा दोन किंवा तीन कॅप्सूल मिळून असतो.

आता दाव्याकडे वळू. किडनीच्या जुनाट आजारात रक्तवाहिन्या कडक होतात, हे सर्वश्रुत आहे. पण त्या कशा कडक होतात, ते समजून घेतल्याशिवाय या गोळीचे मूल्यमापन करता येणार नाही. वयानुसार किंवा कोलेस्टेरॉलमुळे होणारे साठे मुख्यतः धमनीच्या आतल्या थरात, चरबीच्या गाठींभोवती असतात. किडनीच्या रुग्णांत त्यांच्या जोडीला मधल्या, स्नायूंच्या थरातही कॅल्शियम आणि फॉस्फेटचे थर बसत जातात. मधल्या थराच्या या विकाराचे वर्णन योहान मंकेबर्ग या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १९०३ साली केले होते. हाताच्या किंवा पायाच्या साध्या एक्स-रेमध्येही अशी धमनी कधीकधी स्पष्ट दिसते: हाडांच्या बाजूने जाणाऱ्या दोन समांतर पांढऱ्या रेघा, रेल्वेच्या रुळांसारख्या. अशा धमनीवर रक्तदाबाची पट्टी कितीही आवळली तरी ती पुरती दबत नाही, म्हणून घोट्यापाशी मोजलेला दाब खऱ्यापेक्षा जास्त येतो आणि पायाचा रक्तपुरवठा कमी झालेला असूनही तो ठीक असल्याचा समज होऊ शकतो. ताठ झालेल्या महाधमनीविरुद्ध रक्त ढकलून ढकलून हृदयाची डावी भिंत जाड होते. किडनीचे अनेक रुग्ण डायलिसिसपर्यंत पोहोचण्याआधीच हृदयविकाराने दगावतात, त्यामागच्या कारणांत हे एक मोठे कारण आहे. त्यामुळे हा साठा थांबवणारे काहीतरी हवे, ही रुग्णांची तळमळ अगदी रास्त आहे.

मॅग्नेशियमचे नाव यात उगाच आलेले नाही. किडनी फॉस्फेट बाहेर टाकू शकली नाही की रक्तातले कॅल्शियम आणि फॉस्फेट प्रथिनांच्या आधाराने सूक्ष्म कणांत बांधले जातात. हे कण सुरुवातीला मऊ, आकारहीन आणि तुलनेने निरुपद्रवी असतात. पुढे ते स्फटिकरूप घेतात, आणि हे स्फटिकी कणच धमनीच्या स्नायुपेशींना त्रासदायक ठरतात. त्या पेशी मग आपले मूळ काम सोडून हाडाच्या पेशींसारख्या वागू लागतात आणि आपल्याभोवती खनिज जमवतात. मऊ कणाचा स्फटिकी कण होण्याची ही पायरी मॅग्नेशियम लांबवते, कारण कॅल्शियम-फॉस्फेटच्या स्फटिकात ते अडथळा आणते. त्याखेरीज स्नायुपेशींत शिरून ते त्यांना हाडासारखे वागण्यापासून परावृत्त करते, असेही प्रयोगशाळेत दिसले आहे. पेशींच्या बशीत भरपूर फॉस्फेट घालून कॅल्सिफिकेशन घडवून आणावे आणि त्यात मॅग्नेशियम वाढवावे, तर साठा कमी होतो, हे वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी दाखवले आहे. किडनी निकामी केलेल्या उंदरांवरचे एक संशोधन २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यात आहारातले मॅग्नेशियम वाढवल्यावर धमन्यांतले साठे टळले आणि आधी झालेले काही साठे कमीही झाले.

माणसांवरच्या निरीक्षणांनीही याच दिशेने बोट दाखवले. जपानमधल्या डायलिसिस रुग्णांच्या राष्ट्रीय नोंदवहीतल्या सुमारे १ लाख ४२ हजार रुग्णांचा अभ्यास २०१४ साली छापून आला. त्यात ज्यांच्या रक्तातले मॅग्नेशियम कमी होते त्यांच्यात हृदयविकाराने आणि इतर कारणांनीही मृत्यू जास्त झालेले दिसले. मात्र याच अभ्यासाचा एक भाग जाहिरातींत येत नाही: मॅग्नेशियमची पातळी फार वर गेलेल्या गटातही धोका पुन्हा वाढलेला होता. शिवाय ज्याचे पोषण चांगले, जेवण नीट जाते, त्याचे मॅग्नेशियमही चांगले असते. म्हणून अशा निरीक्षणातून मॅग्नेशियमने आयुष्य वाढवले असा निष्कर्ष काढता येत नाही. निरीक्षणाने शंका उपस्थित होते. उत्तर मिळवायला रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी करावी लागते, एका गटाला औषध द्यावे लागते आणि दुसऱ्याला द्यायचे नसते.

अशा दोन चाचण्या या विषयात महत्त्वाच्या आहेत आणि त्या परस्परविरोधी आहेत. डबीवरचा दावा टिकतो की कोसळतो, हे त्या दोन शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही, म्हणून इथे थोडे थांबते.

पहिली चाचणी जपानमधली, २०१९ साली प्रसिद्ध झालेली. किडनीच्या आजाराच्या तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातल्या, अजून डायलिसिसवर नसलेल्या आणि हृदयविकाराचा जास्त धोका असलेल्या रुग्णांना तीत मॅग्नेशियम ऑक्साइड दिले गेले आणि रक्तातली पातळी प्रति डेसीलिटर २.५ ते ३ मिलिग्रॅमपर्यंत नेण्याचा प्रयत्न झाला. दोन वर्षांनंतर मॅग्नेशियम घेणाऱ्यांच्या हृदयधमन्यांतल्या कॅल्शियम स्कोअरमध्ये, म्हणजे स्कॅनवरून मोजलेल्या साठ्याच्या आकड्यात, मध्यक (चढत्या क्रमाने लावलेल्या आकड्यांतली मधली) वाढ ११.३ टक्के होती, न घेणाऱ्यांत ३९.५ टक्के. आकडे खरोखर मोहात पाडणारे आहेत, आणि बाजारातल्या बहुतेक दाव्यांचा उगम मला इथे दिसतो. पण निकाल नीट वाचला तर काही गोष्टी खटकतात. कोण मॅग्नेशियम घेत आहे, हे रुग्णांना आणि डॉक्टरांनाही ठाऊक होते. चाचणी मध्येच थांबवली गेली. विश्लेषण पहिल्या १२५ रुग्णांवर आधारलेले आहे आणि त्यातल्या ९६ जणांनीच ती पूर्ण केली. गळती मॅग्नेशियमच्या गटात जास्त होती आणि जुलाब हे त्यामागचे एक कारण होते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे छातीतल्या महाधमनीतला साठा मॅग्नेशियमने थांबला नाही. मॅग्नेशियम जर खरोखर मूळ प्रक्रियेवरच घाव घालत असेल, तर ते हृदयाच्या धमनीत चालावे आणि महाधमनीत चालू नये, याचे सरळ स्पष्टीकरण मिळत नाही.

दुसरी चाचणी डेन्मार्क आणि नॉर्वेत झाली आणि तिचे निष्कर्ष २०२३ साली आले. ती पहिलीपेक्षा काटेकोर होती: १४८ रुग्ण, ७५ जणांना हळूहळू विरघळणाऱ्या मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या आणि ७३ जणांना प्लासिबो, म्हणजे तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही माहीत नव्हते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही नव्हते. रुग्णांचा ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते याचा अंदाज देणारा आकडा, १५ ते ४५ यांच्या दरम्यान होता, मध्यक २५. म्हणजे ही डबी जे मागवतात, अगदी तेच रुग्ण. मात्रा रोजची ३० मिलिमोल, म्हणजे सुमारे ७३० मिलिग्रॅम प्रत्यक्ष मॅग्नेशियम. पूरक गोळ्यांतून निरोगी प्रौढाने दिवसाला घ्यायची वरची मर्यादा अमेरिकेत ३५० मिलिग्रॅम मानली जाते आणि युरोपात २५०. त्याच्या दुप्पट-तिप्पट हा डोस होता. वर्षभरात रक्तातले मॅग्नेशियम अपेक्षेप्रमाणे वाढले. हृदयधमन्यांचा कॅल्शियम स्कोअर मात्र दोन्ही गटांत सारखाच राहिला. मधुमेह असलेले आणि नसलेले वेगळे काढून पाहिले, आधीपासून साठा असलेले वेगळे पाहिले, तरी फरक पडला नाही.

त्याच चाचणीतल्या त्रासाची नोंदही परीक्षणात यायलाच हवी. पोटाच्या तक्रारी मॅग्नेशियमच्या गटात ३५ जणांना झाल्या आणि प्लासिबोच्या गटात ९ जणांना. मॅग्नेशियम घेणाऱ्यांपैकी ५ जणांचा मृत्यू झाला आणि हृदयाशी संबंधित ६ घटना घडल्या. दुसऱ्या गटात मृत्यू २ आणि अशी घटना एकही नाही. हे आकडे इतके लहान आहेत की त्यावरून मॅग्नेशियमने माणसे दगावली असे म्हणणे चुकीचे आणि अन्यायाचे होईल. पण हृदयाच्या रक्षणासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या सर्वांत चांगल्या चाचणीत रक्षणाची खूणही दिसू नये, हे ग्राहकाला कळले पाहिजे, आणि ते कोणत्याच लेबलावर मला वाचायला मिळाले नाही.

दोन निकाल इतके भिन्न का आले, याची कारणे शोधता येतात. जपानी चाचणी दोन वर्षांची होती आणि दुसरी एकाच वर्षाची. क्षार वेगळे होते. डेन्मार्क-नॉर्वेतल्या रुग्णांच्या धमन्यांत आधीपासूनच बराच साठा होता. मॅग्नेशियम गटाचा सुरुवातीचा मध्यक स्कोअर ४१३ आणि दुसऱ्या गटाचा २७४ होता, आणि ४०० च्या वरचा स्कोअर गंभीर समजला जातो. एकदा स्फटिक घट्ट बसले की मॅग्नेशियमला करण्यासारखे फारसे उरत नसेल, हा तर्क मला पटण्यासारखा वाटतो. पण तो मान्य केला तरी डबी घेणाऱ्याची बाजू बळकट होत नाही. ही डबी मागवणारा रुग्ण बहुतेक वेळा अहवालात कॅल्सिफिकेशन वाचूनच ती मागवतो, म्हणजे जिथे परिणाम दिसला नाही त्याच गटात तो मोडतो. अगदी सुरुवातीच्या टप्प्यात, अधिक काळ मॅग्नेशियम दिले तर काय होईल, हा प्रश्न संशोधकांसाठी जिवंत आहे, आणि तो सोडवला जावा असे मला मनापासून वाटते. तो प्रश्न स्वतःच्या पोटावर सोडवायला बसू नये.

आता वापराच्या अनुभवाकडे. आमच्या घरातल्या एका व्यक्तीला किडनीचा आजार आहे आणि तिला रक्तातले मॅग्नेशियम कमी आल्यामुळे, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, यातले काही प्रकार आलटून पालटून द्यावे लागले. ऑक्साइडची गोळी आकाराने लहान, गिळायला सोपी. पण ती आतड्यात फार कमी शोषली जाते आणि जे शोषले जात नाही ते पाणी ओढून घेऊन शौचास पातळ करते. बद्धकोष्ठता असलेल्या माणसाला हा परिणाम हवासाही वाटेल. पण शरीरातून पाणी कमी होणे किडनीच्या रुग्णाला परवडत नाही, कारण जुलाबाने पाणी घटले की क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने रक्तातून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, वर जाते. सायट्रेट पाण्यात विरघळते आणि चांगले शोषले जाते, आंबट चवीमुळे पावडर घेववते, तरी मात्रा वाढली की तेही पोट साफ करू लागते. ग्लायसिनेट आमच्याकडे पोटाला सर्वांत सोसले, पण त्याच्या गोळ्या मोठ्या आणि जाड असतात, आणि १४ टक्क्यांच्या हिशोबाने त्या दिवसाला दोन-तीन घ्याव्या लागतात. ज्याला आधीच औषधांची भली मोठी यादी गिळायची असते त्याला ते जड जाते. क्लोराइडची चव खारट-कडू आणि पावडरीच्या रूपात नकोशी. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या पोटाला सौम्य असतात असे सांगितले जाते, पण वरच्या चाचणीतल्या ३५ जणांच्या गोळ्याही हळूहळू विरघळणाऱ्याच होत्या, हे इथे सांगायला हवे.

पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या मी किडनीच्या रुग्णासाठी बाजूलाच काढीन, कारण त्या फसफसाव्यात म्हणून त्यांत सोडियमचे क्षार घातलेले असतात आणि रक्तदाब, सूज सांभाळणाऱ्याला हे सोडियम नको असते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक आणि जीवनसत्त्व ‘ड’ एकत्र असलेल्या गोळ्या तर या रुग्णांसाठी सर्वांत अयोग्य म्हणाव्या लागतील. धमन्यांतले कॅल्शियम कमी व्हावे म्हणून आणलेल्या गोळीतूनच रोज जादा कॅल्शियम आणि ते शोषून घ्यायला मदत करणारे ‘ड’ पोटात जाते. किडनीच्या आजारातल्या हाडे आणि खनिजे यांविषयीच्या २०१७ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना फॉस्फेट बांधण्यासाठी दिली जाणारी कॅल्शियमयुक्त औषधेसुद्धा मर्यादेत ठेवायला सांगतात, आणि इथे ते कॅल्शियम विनाकारण घेतले जाते. सायट्रेटबद्दल आणखी एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते: अ‍ॅल्युमिनियम असलेले अ‍ॅसिडिटीचे औषध आणि सायट्रेट एकत्र घेतले तर अ‍ॅल्युमिनियम जास्त शोषले जाते, आणि निकामी किडनीला ते बाहेर टाकता येत नाही. हे दोन्ही एकाच घरात, एकाच कपाटात सापडणे अजिबात अवघड नाही.

या परीक्षणातला सर्वांत गंभीर भाग सुरक्षिततेचा आहे. प्रौढ शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते, त्यातले निम्म्याहून जास्त हाडांत आणि रक्तात एक टक्काही नाही. रक्तातली पातळी साधारण ०.७ ते १ मिलिमोल प्रति लिटर अशा अरुंद पट्ट्यात राखण्याचे काम मुख्यतः किडनी करते. किडनी कमी काम करू लागली की उरलेले कार्यक्षम भाग जास्त मॅग्नेशियम सोडून काही काळ तोल सांभाळतात. ईजीएफआर ३० च्या खाली गेला की ही राखीव ताकद संपत येते आणि तेव्हा बाहेरून आलेले मॅग्नेशियम साचू लागते. सुरुवातीची लक्षणे मळमळ, चेहरा लाल होणे, गरगरणे, गुंगी अशी असतात, जी किडनीच्या रुग्णाला एरवीही अधूनमधून जाणवत असल्यामुळे दुर्लक्षित राहतात. पातळी आणखी वाढली की गुडघ्यावर हातोडी मारून डॉक्टर जी प्रतिक्षिप्त क्रिया तपासतात ती मंदावते, रक्तदाब घसरतो, नाडी संथ होते, आणि त्याही पुढे श्वास आणि हृदय थांबण्याचा धोका असतो. रुग्णालयात शिरेतून कॅल्शियम देऊन हृदय सांभाळले जाते आणि जादा मॅग्नेशियम काढायला डायलिसिस करावे लागते. वयस्कर, बद्धकोष्ठतेने त्रस्त, कमी पाणी पिणारा आणि ईजीएफआर घटलेला माणूस यात पहिल्यांदा सापडतो.

म्हणून गोळी मोजताना घरातले इतर मॅग्नेशियमही मोजले पाहिजे. अ‍ॅसिडिटीच्या अनेक पातळ औषधांत मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड असते, पोट साफ करणारे पांढरे दुधासारखे औषध म्हणजे तेच, आणि कोलोनोस्कोपीच्या आधी आतडे रिकामे करायला दिल्या जाणाऱ्या काही पावडरींतही मॅग्नेशियमचे क्षार असतात. ही सगळी वेगवेगळ्या कारणांसाठी, वेगवेगळ्या डॉक्टरांकडून किंवा डॉक्टरांविनाच घरात आलेली असतात. पूरक गोळीच्या लेबलावर ‘किडनीचा आजार असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ एवढे एक वाक्य बारीक अक्षरांत असते. समोरच्या बाजूला धमन्यांचा दावा करणाऱ्या उत्पादनाने ही सूचना तितक्याच ठळकपणे समोर छापायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

इतर औषधांशी होणारा गोंधळ त्या मानाने आटोक्यात ठेवता येतो. मॅग्नेशियम काही औषधांना पोटात बांधून ठेवते आणि ती रक्तात पोहोचत नाहीत: थायरॉइडची गोळी, सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी आणि टेट्रासायक्लिन गटातली प्रतिजैविके, हाडांसाठीची बिस्फॉस्फोनेट औषधे. यांच्यात काही तासांचे अंतर ठेवावे लागते. किती, ते प्रत्येक औषधाप्रमाणे बदलते आणि औषध विक्रेत्याला विचारले तर तो सांगू शकतो. किडनी प्रत्यारोपण झालेल्यांनी विशेष जपावे, कारण मॅग्नेशियमयुक्त अँटासिडबरोबर मायकोफेनोलेटचे शोषण घटते, आणि ते औषध कमी पडले तर नव्या किडनीला धोका असतो.

मग हे उत्पादन कोणासाठी चांगले? ज्याचे मॅग्नेशियम तपासणीत कमी आले आहे त्याच्यासाठी, आणि असे किडनीचे रुग्ण थोडेथोडके नाहीत. वर्षानुवर्षे घेतलेली ओमेप्राझोल-पँटोप्राझोलसारखी अ‍ॅसिडिटीची औषधे मॅग्नेशियम कमी करतात. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०११ सालीच याबद्दल सावध केले होते. फ्युरोसेमाइडसारख्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे ते लघवीवाटे जाते, आणि प्रत्यारोपणानंतरचे टॅक्रोलिमसही तेच करते. या लोकांत कमी मॅग्नेशियममुळे स्नायूंचे आखडणे, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि कितीही पोटॅशियम दिले तरी न भरून येणारी पोटॅशियमची कमतरता दिसू शकते. इथे मॅग्नेशियम देणे हा रास्त उपचार आहे आणि पोटाला सोसणारा क्षार निवडला तर तो नीट पारही पडतो. मात्र आधी हे पाहावे की अ‍ॅसिडिटीची ती गोळी अजून लागते का. कित्येकदा तिचे मूळ कारण केव्हाच संपलेले असते, आणि डॉक्टरांनी ती बंद केली की मॅग्नेशियम आपोआप सावरते.

डायलिसिसवर असलेल्यांच्या बाबतीत मॅग्नेशियमचा एक वेगळा, औषध म्हणून असलेला वापर आहे आणि त्याची गल्लत पूरक गोळ्यांशी करू नये. कॅल्शियम अ‍ॅसिटेट आणि मॅग्नेशियम कार्बोनेट एकत्र असलेली गोळी जेवणाबरोबर घेतली की ती अन्नातले फॉस्फेट बांधते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या २५५ रुग्णांच्या युरोपीय चाचणीत ती सेवेलॅमर या प्रस्थापित औषधापेक्षा फॉस्फेट कमी करण्यात उणी ठरली नाही. पण तिथे मात्रा डॉक्टर ठरवतात, डायलिसिसच्या द्रावणात मॅग्नेशियम किती आहे हे त्यांना ठाऊक असते आणि रक्ताची तपासणी नियमित होते. झोपेसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीमागे यातले काहीच नसते.

कॅल्सिफिकेशनच्या बाबतीत आज हाती असलेले उपाय कमी आकर्षक आहेत, हे मान्य करायला हवे. फॉस्फेट आटोक्यात ठेवणे, त्यासाठी डबाबंद पदार्थांतले मिसळलेले फॉस्फेट टाळणे, गरज नसलेले कॅल्शियम न घेणे, पॅराथायरॉइड हार्मोन (रक्तातल्या कॅल्शियमचे नियमन करणारे संप्रेरक) मर्यादेत ठेवणे, मधुमेह आणि रक्तदाब सांभाळणे आणि तंबाखू सोडणे. यातल्या कशानेही स्कॅनमधला आकडा उलटा फिरेल असे वचन देता येत नाही. आणि आकड्याचेही असे आहे की स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी औषधे, घेणाऱ्यांच्या धमन्यांतला कॅल्शियम स्कोअर कधीकधी वाढलेला दिसतो, तरी त्यांचे हृदयविकाराचे झटके कमी होतात. म्हणून एखाद्या गोळीने उद्या स्कोअर कमी करून दाखवला, तरी माणूस जगला का आणि झटका टळला का, हे वेगळे विचारावेच लागेल. मॅग्नेशियमने तर अजून स्कोअरची पायरीही खात्रीने ओलांडलेली नाही.

ज्यांच्या घरी अशी डबी आधीच आली आहे त्यांनी ती फेकून देण्याची घाई करू नये आणि उघडण्याचीही करू नये. पुढच्या भेटीत ती डॉक्टरांसमोर ठेवावी, सोबत घरातल्या अँटासिडच्या आणि जुलाबाच्या औषधांच्या बाटल्याही न्याव्यात, आणि क्रिएटिनिन, पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फरस यांच्याबरोबर मॅग्नेशियमची तपासणी मागून घ्यावी, कारण नेहमीच्या किडनीच्या पॅनेलमध्ये ती बहुधा नसते. पातळी कमी आली आणि गोळी सुरू झाली, तर काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासण्याची तारीख त्याच भेटीत ठरवून घ्यावी. मधल्या काळात जुलाब थांबेनासे झाले, अंगात विलक्षण मरगळ आली किंवा नाडी संथ लागली, तर त्या तारखेची वाट न पाहता गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.